ईनोक पॅस्कोचा चहा

मांत्रिक मर्त्य असतो, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. परंतु मालिकेच्या पहिल्याच खंडात त्याने मरणे बेजबाबदारपणाचे समजले जाते. ॲडलेडच्या क्लॅरी ट्रेगेन्झा यांनी नेमके तेच करून ठेवले. त्यांच्या कादंबरीतला ईनोक पॅस्को, शहरातला एकमेव परवानाधारक मांत्रिक, शेवटच्या पानावर शांतपणे मरतो. (क्लॅरीही मार्चमध्ये वारले.) प्रकाशनसंस्थेपुढे गंभीर पेच उभा राहिला आणि क्लॅरींच्या मुलीला, ब्रॉनविनला, बोलावणे आले.

शहरी मांत्रिकाच्या कादंबरीचे काही नियम असतात, आणि ते चांगले आहेत. मांत्रिकाला लांब काळा कोट हवा, दिवंगत प्रेयसी हवी, आणि शहराच्या पोटात एक अधोलोक हवा. क्लॅरींनी जमेल तेवढे सहकार्य केले होते. कोट त्यांनी तिसऱ्या प्रकरणात दिला. बाहेर त्रेचाळीस अंश असल्याने ईनोक चौथ्यात चक्कर येऊन पडतो आणि पुढे अखेरपर्यंत अर्ध्या चड्डीत वावरतो. अधोलोक मंडईच्या खाली आहे, पण मंडईबरोबर तोही साडेपाचला बंद होतो, कारण राक्षसांना घरी जाऊन बागेला पाणी घालायचे असते. (पाणीटंचाईत राक्षसही सम-विषम तारखा पाळतात.)

ईनोकला जादू एकच येते. समोरचा चहा गार होईपर्यंत तो कोणतीही घटना थांबवून धरू शकतो. शेवटच्या प्रकरणात तो आजारी पडतो. त्याची पुतणी एक कप निवायच्या आत दुसरा आणून ठेवते, आणि मरण दारात ताटकळत राहते. अखेर ईनोक म्हणतो, "आता गार होऊ दे, पोरी." तिथे कादंबरी संपते.

संस्थेची सातत्य समिती याच वाक्यासाठी बसली होती.

"वाक्य छानच आहे गं," अध्यक्ष सास्किया पोल म्हणाली. "पण दुसऱ्या खंडात आम्ही करायचं काय?"

"दुसरा खंड लिहिणार कोण? बाबा नाहीत."

"लेखकाचं काय, लेखक मिळतो. दोघं तर तयारच आहेत. ईनोक कुठून आणू?"

विक्री विभागाचे लेस विगली खिम्याची पेस्टी खात होते. "पहिल्याच खंडात मेला? शोभतं का हे? माझी सासूसुद्धा तीन खंड टिकली असती."

समितीने पाहणी केली होती. शंभरातल्या एक्याण्णव वाचकांना मेलेला मांत्रिक नको होता. उरलेल्या नऊ जणांनी प्रश्न वाचला नव्हता. उपायही सुचवले गेले होते: जुळा भाऊ, चुकीचे निदान, थर्मास. थर्मास एका मताने पडला. शेवटी सर्वांत कमी खर्चाचा उपाय मंजूर झाला, तो म्हणजे अखेरीस एक वाक्य वाढवायचे: 'कपातून पुन्हा वाफ निघाली.'

"एवढंच टाक," सास्किया म्हणाली. "करारात शेवटचा शब्द तुझा आहे. आणि मुलीनं टाकलेलं बरं दिसतं."

ब्रॉनविन घरी आली, चहा केला आणि ते वाक्य टाइप केले. अगदी सोपे होते. ईनोक उठून बसला.

रुग्णालयाच्या त्या शेवटच्या खोलीत ती वडिलांना रोज चहा न्यायची. घोटही उतरत नसे, पण ते कपाभोवती हात धरून बसत. कप निवला की ती दुसरा आणी. एक दिवस ते म्हणाले, "राहू दे आता, पोरी. गार होऊ दे." तिने ऐकले नाही, किटली पुन्हा लावली. तेव्हा त्यांनी तिच्याशी वाद घातला नाही. वही मागून घेतली आणि शेवटचे प्रकरण लिहिले.

ते एक वाक्य त्या खोलीत कुणी तिला दिले असते, तर तिने ते मिळेल तिथे लिहिले असते.

तिने वाक्य खोडले. शेजारचा कप गार झाला होता. तो तिने तसाच प्यायला.

समितीला वाईट वाटले, पण मुखपृष्ठावर 'खंड पहिला' आधीच छापून झाले होते, आणि छापलेले मुखपृष्ठ लेखकापेक्षा जास्त टिकाऊ असते. पुस्तक आले, आणि उत्तम खपले. दुसऱ्या खंडाची वाट पाहणाऱ्यांची संख्या संस्थेच्या इतिहासात सर्वाधिक आहे, हे समिती अभिमानाने सांगते. वाचकांची पत्रे ब्रॉनविनकडे येतात. ईनोक खरोखर गेला का? त्याला किती त्रास झाला? माउंट गॅम्बियरच्या एक बाई दर महिन्याला चहाच्या पुड्या पाठवतात, वर लिहितात, 'त्याच्यासाठी, कडक.'

क्लॅरींबद्दल अजून कोणी विचारलेले नाही. यात वाचकांचा दोष नाही. ती बातमी कंसात होती. तुम्हीही ती वाचलीत, आणि मांत्रिकाचे पुढे काय झाले ते पाहायला लगेच पुढे आलात.