रोबो सरळ का चालत नाही याची चौकशी

रोबो सरळ चालत नव्हता. जमिनीवर ठेवून बटण दाबलं की हातभर नीट जायचा आणि मग, वाटेत ओळखीचं घर दिसल्यासारखा, हळूच डावीकडे वळायचा. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. भिंत पक्की होती. पण महाविद्यालयाने रोबो बनवणाऱ्यांच्या या खोलीपुढे एक साधी अट ठेवली होती. यंदाच्या स्पर्धेत रोबोने आखलेल्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दाखवावं, नाहीतर खोली रिकामी करून मोडक्या बाकांना द्यावी. बाकांची बाजू तशी भक्कम होती. ते कित्येक वर्षं व्हरांड्यात ऊन खात उभे होते आणि आजवर त्यांनी कुणाशी वाद घातला नव्हता.

खोलीत खिडकीशी कोडवाले बसायचे आणि प्लगांच्या भिंतीशी वायरवाले. दोघांच्या मधे, दोन्हीकडचे टोमणे ऐकू येतील अशा बेताने, ताईचं टेबल होतं. ताई रोबोचा सांगाडा करायची. पत्रा कापणं, भोकं पाडणं, चाकं बसवणं हे तिचं काम. ती कोडवाली नव्हती आणि वायरवालीही नव्हती, म्हणजे दोघांच्याही मते तिला काही कळत नव्हतं. म्हणून तिला एकमताने कप्तान केलं होतं.

घरी ताईच्या वाट्याला इस्त्रीचं टेबल यायचं, तेही कपडे नसतील तेव्हा. कानस काढली की आई म्हणायची, "अगं, घर आहे की गॅरेज? बाजूला हो, मला भाजी चिरायचीय." या खोलीत मात्र तिला कुणी बाजूला हो म्हणत नव्हतं. तिची हत्यारं भिंतीवर खिळ्यांना टांगलेली होती आणि टेबलाला घट्ट पकड बसवलेली होती. लोखंड त्या पकडीत धरलं की तिला देवापुढे हात जोडल्यासारखं शांत वाटायचं. खोली गेली असती तर बाकांना जागा मिळाली असती आणि ताई परत इस्त्रीच्या टेबलावर आली असती. एवढंच पणाला लागलं होतं. जगाच्या हिशेबात फार नाही. पण ताईकडे दुसरं जग नव्हतं.

"डाव्या मोटरला वीज कमी जातेय," कोडवाल्यांचा म्होरक्या खुर्चीतून न उठता म्हणाला. त्याला सगळे अर्धविराम म्हणत, कारण एकदा प्रोग्राममधे एक अर्धविराम द्यायचा राहिला म्हणून त्याने अख्खी सुट्टी तो शोधण्यात घालवली होती.

"मोजून सांगतोयस की स्वप्नात दिसलं?" वायरवाल्यांच्या म्होरकीने विचारलं. तिचं नाव फ्यूज. ते का पडलं हे तिच्याशी दोन वाक्यं बोललं की कळायचं.

"कोड मी पुन्हा पुन्हा वाचलाय. चूक असती तर दिसली असती."

"हो ना. मागच्या खेपेलाही दिसली होती. स्पर्धा संपल्यावर."

"आणि मागच्या खेपेला सगळ्या इमारतीचे दिवे गेले, ते काय माझ्या कोडने?"

"दिवे परत आले ना? तुझा तो प्रोग्राम अजून आलेला नाही."

हे भांडण होतं असं कुणी समजू नये. दोन्ही बाजू एकमेकांच्या डब्यातलं खायच्या, कुणी आजारी पडलं की घोळक्याने बघायला जायच्या. फक्त चूक तेवढी समोरच्याला द्यायच्या, कारण आपल्या माणसाला दिलेली वस्तू वाया जात नाही.

त्याच दुपारी अर्धविरामाचं मन विरघळलं. वायरवाले जेवायला गेल्याचं पाहून त्याने डाव्या चाकाचा वेग प्रोग्राममधे थोडा वाढवला. तो आपल्या माणसांना म्हणाला, "बोलू नका कुठे. बिचाऱ्यांची अब्रू राहू दे." कोडवाले जेवायला गेल्यावर फ्यूजचंही मन विरघळलं. तिने उजव्या मोटरच्या वायरीत छोटा अडथळा बसवून त्या चाकाचा वेग थोडा कमी केला आणि ती म्हणाली, "गप्प बसा. त्यांच्या कोडची लाज आपणच झाकायची." संध्याकाळी रोबो सोडला तर तो उजवीकडे, आणि पहिल्यापेक्षा जोरात, कपाटावर जाऊन आदळला.

दोन्ही बाजूंना आपापल्या चांगुलपणाचा पश्चात्ताप झाला. दोघांनी गुपचूप आपापली दुरुस्ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी रोबो डावीकडे. पुन्हा दोघांना दया आली, रोबो उजवीकडे. पुन्हा पश्चात्ताप, रोबो डावीकडे. माणसाच्या मनातलं देवाला कळतं, लॅपटॉपला कळत नाही, आणि या खोलीत एकमेकांना विचारायची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर आपण चूक दुरुस्त केली हे सांगावं लागलं असतं, आणि जो दुरुस्त करतो त्याचीच ती होती असं समोरचा म्हणाला असता.

शेवटी ताईने नियम केला. समोरच्या बाजूने 'हरकत नाही' म्हटल्याशिवाय कुणीही रोबोला हात लावायचा नाही.

अर्धविराम लगेच म्हणाला, "आमची काहीच हरकत नाही. वायरवाल्यांनी त्यांची चूक खुशाल सुधारावी."

"अशी 'हरकत नाही' आम्हाला चालणार नाही," फ्यूज म्हणाली.

"का? नाहीच आहे हरकत."

"नसू दे. पण तुझ्या त्या नसलेल्या हरकतीवर आमची हरकत आहे."

प्रकरण सरांकडे गेलं. वेळापत्रकात एक तास मोकळा सापडल्यामुळे सरांना या खोलीचं मार्गदर्शक नेमलं होतं. रोबोबद्दल त्यांना विशेष माहिती नव्हती, पण मतभेदांचा अनुभव दांडगा होता. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, चष्मा पुसला आणि दोष-निश्चिती समिती स्थापन केली. समितीत दोन्ही बाजूंचे सारखे सभासद घेतले, म्हणजे निर्णय कुणावर अन्याय करणारा होऊ नये. किंबहुना होऊच नये.

"सर, स्पर्धा जवळ आलीय," ताई म्हणाली. "आधी रोबो सरळ करू. चूक कोणाची ते नंतर बघू."

सरांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बाळ, रोबो आता पुरावा आहे. पुरावा दुरुस्त केला तर चौकशी कशाची करायची?"

म्हणून रोबोवर चादर घालण्यात आली आणि सद्यःस्थिती कायम ठेवण्याचा आदेश निघाला. ताई रोज टेबलाशी बसून चादरीकडे पाहायची. व्हरांड्यातून जाताना तिला बाकांकडे बघवत नसे. बाक आत डोकावतायत असं उगाच वाटायचं.

समितीने बऱ्याच बैठकांनंतर ठरवलं की दोष माणसांनी ठरवण्यापेक्षा यंत्राने ठरवावा. रोबोच्या डोक्यावर दोन दिवे बसवायचे. दोष वायरींचा असेल तर लाल लागेल, कोडचा असेल तर निळा. दिव्यांचा प्रोग्राम अर्थातच कोडवाल्यांनी लिहिला, आणि तो असा लिहिला की काहीही झालं तरी लाल लागावा. जोडणी अर्थातच वायरवाल्यांनी केली, आणि अशी केली की काहीही झालं तरी निळा लागावा. चादर काढून बटण दाबताच दोन्ही दिवे लख्ख पेटले. या खोलीत आजवर बनवलेली, पहिल्याच फटक्यात चाललेली ती एकमेव गोष्ट होती.

"निकाल स्पष्ट आहे," सर म्हणाले. "दोष समसमान. दोघांनी अर्धी अर्धी दुरुस्ती करावी."

अर्धविरामाने वेग वाढवला, पण निम्माच. फ्यूजने वेग कमी केला, पण निम्माच. रोबो जमिनीवर ठेवला. तो निघाला, आणि सरळ, नाकासमोर, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला.

काय तो आनंद! अर्धविराम फ्यूजच्या गळ्यात पडला आणि भानावर येऊन बाजूला झाला. सर म्हणाले, "बघा, समितीशिवाय हे शक्य होतं का?" ताई नुसती टेबलावरून हात फिरवत राहिली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. रोबोला जरा पुसून घ्यावं, चारचौघांत न्यायचाय, म्हणून तिने तो उलटा केला आणि फडकं फिरवता फिरवता तिचा हात थांबला. डावं चाक आसावर घट्ट बसलेलं नव्हतं. धरून हलवलं की सरकत होतं. मोटर पूर्ण फिरत होती, चाक थोडं मागे राहत होतं. वीज पूर्ण जात होती, कोडही बरोबर होता. चाक बसवलं होतं तिने.

सांगावं का? सांगितलं तर दोन्ही बाजू जन्मात पहिल्यांदा एक होतील, तिच्याविरुद्ध. समिती पुन्हा बसेल, रोबोवर पुन्हा चादर येईल. डोक्यावर तिसरा दिवा लागेल. आणि न सांगावं, तर असं सैल चाक घेऊन देवाच्या भरवशावर मैदानात जायचं? तिने पाना घेतला आणि चाक गच्च आवळलं. जे दुखणं होतं ते गेलं, असं तिला मनापासून वाटलं. त्या दुखण्यावर दोन्हीकडून औषध आधीच दिलेलं आहे, हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं नाही. शिवाय तिनेही तेच केलं होतं, जे या खोलीत सगळे करत होते. चांगल्या मनाने, गुपचूप.

स्पर्धेचं मैदान मोठं होतं. जमिनीवर लांब पांढरी पट्टी आखलेली, पलीकडे परीक्षकांचं टेबल. रोबो सोडला. तो हातभर सरळ गेला, उजवीकडे वळला, आणखी वळला आणि गोल गोल फिरू लागला. डोक्यावर लाल आणि निळा, दोन्ही दिवे आनंदाने पेटलेले.

"निळा बघ, निळा!" फ्यूज ओरडली.

"तुला लाल दिसत नाही का? डोळे तपासून घे!"

"तू निम्म्याच्या वर वेग वाढवलास. खरं सांग."

"मी? तूच निम्म्याच्या वर कमी केला असशील!"

टेबल, पकड, भिंतीवरची हत्यारं, सगळं एकदम ताईच्या डोळ्यांपुढे आलं. ती मोठ्याने म्हणाली, "थांबा. चूक माझी आहे. डावं चाक मी सैल बसवलं होतं. आज सकाळी आवळलं. तुम्हाला सांगितलं नाही."

अर्धविरामाचा चेहरा मऊ झाला. "ताई, तू कशाला आमच्यासाठी वाईटपणा घेतेस? चूक कोडचीच होती. सैल चाक कोडला ओळखता यायला हवं."

"ए, शहाण्या," फ्यूजने त्याला मागे सारलं. "चूक आमची. चाक सरकतंय हे आम्ही मोजायला हवं होतं. इतके दिवस नाही म्हणालास आणि आता चूक पळवतोस?"

"पळवतोय? पहिल्यापासून आमचीच आहे ती!"

"पुरावा काय?"

"निळा दिवा लागलाय ना!"

"तो आम्ही जोडलाय. लाल बघ, लाल!"

"अरे, माझी आहे," ताई कळवळून म्हणाली, "माझं ऐका तरी!" पण आता कप्तानाला कोण विचारतो? सर धावत आले. तीन पक्षांनी एकाच दोषावर हक्क सांगितल्याचा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला. "समिती वाढवावी लागेल," ते म्हणाले.

मैदानाच्या कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं की वेळ अजून शिल्लक आहे, नियमाप्रमाणे रोबो उचलून, दुरुस्त करून पुन्हा पट्टीवर ठेवता येईल. दोन्ही दुरुस्त्या काढायला चहा निवण्याइतका वेळ पुरला असता. कर्ण्याने तेच पुन्हा सांगितलं. मग आवाज जरा चढवून सांगितलं. मग शिट्टी वाजली.

पुढच्या आठवड्यात बाक खोलीत आले. ते उचलून आणायला दोन्ही बाजू हौसेने आल्या, आणि कोणत्या बाकाचा पाय कुणी धरायचा यावर व्हरांड्यात छान चर्चा झाली. ताईने हत्यारं खिळ्यांवरून काढून पिशवीत घातली. आईने दार उघडलं, पिशवीचा खणखणाट ऐकला आणि इस्त्री उचलून खाली ठेवली.

आता मंडळी, तुम्ही हे सगळं पाहिलंत. चूक कोडची, वायरींची, चाकाची, सरांची की समितीची, याबद्दल तुमचं मत एव्हाना पक्कं झालं असेल, आणि ते बरोबरच असणार. फक्त एक सांगा. तो रोबो मैदानात गोल गोल फिरत होता, कर्णा पुन्हा पुन्हा सांगत होता, तेव्हा तुम्हीही अगदी पट्टीपाशीच उभे होतात. तुमचं लक्ष कुठे होतं? रोबोकडे, की दिव्यांकडे?