सहाशे बारा अंगठे

धाकटीची नोकरी शनिवारपर्यंतचीच होती. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नारळ. "आठवडाभर टिकलीस तर वर्षभर भांडी मी घाशीन," असं थोरल्या ताईने वर ऐकवलंही होतं.

काम तसं सोपं. शंभर वर्षांपूर्वी वाळवून कागदांवर चिकटवलेल्या वनस्पती एकेक करून टेबलावर ठेवायच्या, शेजारची मोजपट्टी फोटोत येऊ द्यायची, कागद लहानमोठा असेल तसा कॅमेरा वरखाली करायचा आणि पायाने कळ दाबायची. पण कागद भलते हट्टी! कोपरा सोडला की गुंडाळायलाच लागायचे. म्हणून धाकटी कोपऱ्यावर डावा अंगठा दाबून धरायची. या झटापटीत पहिल्याच कागदाला, फोटो निघण्याआधीच, मोजपट्टी घसरून कुठेतरी गेली, हे बिचारीच्या गावीही नव्हतं.

शनिवारी साहेबांनी फोटो उघडले.

"मोजपट्टी कुठाय?"

"असेल की, सर."

"सहाशे बारा फोटो, एकातही नाही! पान बोटाएवढं की सुपाएवढं, कळायचं कसं?"

"परत काढते ना, आत्ता लगेच!"

"कशाचे? कागद ज्यांचे होते ते कालच घेऊन गेले. पुन्हा मिळायचे नाहीत!"

धाकटीने ओळखलं, नोकरी गेलीच, आणि आता ताईचं बोलणं जन्मभर ऐकावं लागणार.

"आणि हे काय?" साहेब कडाडले. "प्रत्येक कोपऱ्यात लालभडक नखाचा अंगठा! इथेही अंगठा, तिथेही अंग..."

साहेब थांबले. पडद्याकडे बघितलं, मग धाकटीच्या हाताकडे.

"सगळीकडे हाच?"

"दुसरा कुठून आणू, सर?" धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

साहेबांनी खणातून पट्टी काढली. "आणा इकडे. हलवू नका."

अंगठ्याची रुंदी तीनदा मोजून झाली. संध्याकाळपर्यंत सहाशे बारा नोंदींत शेरा पडला : 'माप : अंगठा. मूळ अंगठा संस्थेत पाहावयास मिळेल.'

"म्हणजे मी कायम, सर?"

"न राहून कसं चालेल? उद्या कुणी खात्री करायला आलं, तर अंगठा दाखवायला नको?"

त्या रात्री ताई तोंड फुगवून भांडी घासत होती आणि धाकटी दारात उभी राहून तिला कढईचा राहिलेला काळा डाग दाखवत होती, अर्थातच अंगठ्याने.

सोमवारी झाडताना टेबलामागे मोजपट्टी सापडली. धाकटीने इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तिने पायाने ती हळूच आणखी आत ढकलली.