देवडीवरची घंटा

माणसाच्या संस्कृतीची उंची त्याच्या घरावरून नव्हे, तर आगंतुकाला तो घरापासून किती लांब अडवतो यावरून ठरते. या कसोटीवर आमची अमेरिकेतली, पार्सिपनीजवळची वसाहत फारच सुसंस्कृत आहे.

इथे एकेकाळी बटणांच्या एका कारखानदाराची इस्टेट होती. बंगला जळाला, तबेले पडले आणि जमिनीवर बिस्किटी रंगाची टाउनहाउसं उगवली. उरली ती देवडी, म्हणजे फाटकाशी पहारेकऱ्यासाठी बांधलेलं दगडी घर. (फाटकही उरलेलं नाही, पण म्हणून काय झालं?) ऐतिहासिक असल्यामुळे तिला हात लावता येत नाही, विकत मात्र घेता येते.

स्थापत्यदृष्ट्या देवडी अजोड आहे. मधोमध कमान, तिच्या डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली आणि दोन्ही जोडणारा दिवाणखाना कमानीच्या डोक्यावर. म्हणजे रात्री पाणी प्यायचं तर एक जिना चढून दुसरा उतरायचा. खिडकी अशी तिरकी, की वरच्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही. दाराशी पितळी घंटा आहे.

ही देवडी कुमारकाका आणि मृणालिनीकाकूंनी घेतली. काका निवृत्त पूल-इंजिनिअर. काकू साताऱ्याच्या, आणि त्यांचं एकच दुःख: "या देशात कुणी टपकत नाही रे! आमच्याकडे कुणी आलं की आमटीत पाणी वाढवायचे. इथे चहालासुद्धा तीन आठवडे आधी कॅलेंडर इन्व्हाइट!" अख्खी वसाहत घराखालून जाणार म्हटल्यावर कुणीतरी थांबेलच, असा त्यांचा हिशेब होता.

देवडी जतन समितीने (सचिव: मी) रीतसर सर्वेक्षण केलं. घराखालून जाणाऱ्या गाड्या शंभर टक्के, थांबणाऱ्या शून्य. काकू दर शनिवारी खिडकी उघडून कांदाभजी तळू लागल्या, तेव्हा कमानीत शिरताच काचा वर करणाऱ्या गाड्यांचं प्रमाण तेवढं वाढलं (कोटाला वास लागतो). समितीने मग उत्स्फूर्त भेटींचं वेळापत्रक काढलं. त्यावर सर्वांनी 'मेबी' दाबलं.

शेवटी मलाच राहवलं नाही. मध्यंतरी एका शनिवारी संध्याकाळी भज्यांचा वास आला, मी गाडी लावली आणि घंटा ओढली.

वर मालिका चालू होती. ती गप्प झाली. मग दिवा गेला. दगडी कमानीचा आणखी एक गुण असा, की वरची कुजबुज खाली खणखणीत ऐकू येते.

"अगोबाई! कोण असेल हो? काही ठरलं होतं का?"

"ठरलं तर नव्हतं. खिडकीतून बघू?"

"नको, हलू नका! घर बघा केवढं पसरलंय. जाईल आपोआप."

मी आणखी थोडा वेळ थांबलो. वर भजी निवत असणार, याचं मला मनापासून वाईट वाटलं. मग आपोआप गेलो.

दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकूंनी माझा हात धरला. "रोज घराखालून जातोस, एकदा तरी वर ये की रे मेल्या! कालसुद्धा एवढी भजी केली, कुत्रं फिरकलं नाही." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. माझेही आले.

"नक्की येतो काकू," मी म्हणालो, "आधी कळवतो."

वास्तूचा मूळ वापर जसाच्या तसा टिकवल्याबद्दल समितीने काका-काकूंना यंदाचं मानपत्र एकमताने मंजूर केलं आहे. ते घरी नेऊन द्यायचं आहे, पण दोघांना सोयीची तारीख अजून मिळालेली नाही.

तुम्हाला हसू येतंय? येऊ द्या. येत्या शनिवारी मी तुमच्याचकडे टपकतोय. टीव्ही बंद कराल, दिवा घालवाल, श्वासही रोखाल, तुम्हाला काय सांगायला हवं! फक्त दाराबाहेरच्या चपला तेवढ्या आत घ्यायला विसरू नका.