मोघेकाकांच्या मुठी

मोघेकाकांच्या घरात पिस्तुलांच्या एकशे बारा मुठी होत्या आणि पिस्तूल एकही नव्हतं.

हे मला तिथे राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. दोन हजार पाच साली मी शिकायला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आलो आणि काकांच्या घरातली माळ्यावरची खोली भाड्याने घेतली. मीठ शोधताना एक डबा उघडला, तर आत चौकडीच्या नक्षीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. पिस्तूल जिथे धरतात तिथे दोन्ही बाजूंना अशा पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, हे मला काकांनी सांगितलं. मी झाकण लावलं. त्या दिवशी पारोळ्याला आईला फोन केला तेव्हा "मालक चांगले आहेत" एवढंच म्हणालो.

"घाबरलास काय, उत्तमराव? पिस्तूल म्हणजे काय असतं? मुठीला लावलेलं लोखंड!" काका म्हणाले.

माझं नाव उत्तम. 'राव' काकांनी लावलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला कुणी राव म्हटलं की मी नकळत उभा राहायचो. काकांना त्याची फार मजा वाटायची.

काका मूळचे पुण्याचे. ब्रेडाजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्लॅस्टिकचे साचे बनवायचं काम करून निवृत्त झालेले. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. कारखान्यातल्या कुणीतरी एकदा आपल्या जुन्या पिस्तुलाची आकसलेली, स्क्रूपाशी तडकलेली मूठ दाखवली आणि काकांनी तशीच नवी ओतून दिली. नेमबाजीच्या क्लबात बातमी गेली, आणि जुनी पिस्तुलं जपणारे म्हातारे एकेक करून यायला लागले. पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरायचं तर परवान्याची भानगड, म्हणून सगळे फक्त मुठी घेऊन यायचे. काकांनी जन्मात खऱ्या पिस्तुलाला हात लावला नव्हता.

शनिवारी सकाळी दहा ते बारा काकांचा दवाखाना चालायचा. इथला डॉक्टर काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या आणि घरी पडून राहा म्हणतो. काकांचं तसं नव्हतं. ते मूठ अंगठ्याने खसाखसा घासायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे.

"कापूर. म्हणजे सेल्युलॉइड. यातला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो आणि बाई आकसत जाते."

गंधकाचा वास आला तर रबर. "हे जन्माला काळं असतं. ऊन खाऊन चहाच्या रंगाचं होतं. पण डेल्फ्टात ऊन कुठलं? म्हणून इथलं रबर शंभर वर्षं जगतं."

सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या डब्यात असायच्या. एक सडली की तिच्या वाफेने शेजारच्याही सडतात, म्हणून तो 'साथीचा वॉर्ड'. गणपतीत मी खोलीत आरती करत होतो. कापूर पेटवला मात्र, काका जिन्यावरून ओरडत धावत आले, "उत्तमराव, कुठली मूठ गेली? कुठली गेली?" गणपती बघताच ओशाळले, हात जोडले, मग पुन्हा ओरडले, "आणि दिवा लांब धर! त्या डब्याला ठिणगी लागली तर तू, मी आणि बाप्पा, तिघांचंही विसर्जन!"

काम मात्र अप्रतिम. जुन्या मुठीवरून थेट साचा घेतला तर नवी मूठही आकसलेलीच निघते. काका आधी ती मूठ तरुणपणी केवढी असेल याचा हिशेब मांडायचे. पिस्तूल समोर नसताना! आणि प्रत्येक नव्या मुठीच्या आतल्या बाजूला बारीक 'म' कोरायचे, म्हणजे पुढे कुणी ती अस्सल जुनी म्हणून खपवू नये.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. कुणाचीच मूठ लवकर तयार व्हायची नाही. "प्लॅस्टिक अजून बसायचंय. दोन आठवड्यांनी या." दोन आठवड्यांनी माणूस यायचा, कॉफी प्यायचा, बशीभर चिवडा खाऊन घाम पुसायचा, आणि प्लॅस्टिक अजून बसलेलं नसायचं. मी वर्गात याच विषयावर डोकं फोडत होतो. इतका वेळ बसणारं प्लॅस्टिक कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण मोठ्या माणसाला कसं विचारणार?

त्यातले एक होते मेनेर द विट. मेनेर म्हणजे श्रीयुत. वय ब्याऐंशी, हात सतत थरथरणारे. वडिलांचं पिस्तूल ते एका छोट्या संग्रहालयाला देणार होते. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते म्हणाले, "मेनेर मोघे, परवा नाही, त्यापुढच्या सोमवारी संग्रहालयाची माणसं ते न्यायला येणार आहेत. वडिलांची वस्तू तुटक्या मुठीने जायला नको."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्लॅस्टिक अजून बसायचंय."

द विट उठले. टोपी घालायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

दोन दिवसांनी मी सायकलच्या दिव्यासाठी स्क्रूड्रायव्हर शोधत काकांचा खालचा खण उघडला. आत मलमलीत गुंडाळलेल्या अकरा जोड्या. सगळ्या तयार, चकचकीत, 'म' कोरलेल्या. द विट यांच्या चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: पूर्ण, मार्च.

मी ती जोडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. काका कांदा चिरत होते.

"काका, द विट यांची... ही बसलीय."

"माझा खण उघडलास?"

"स्क्रूड्रायव्हर हवा होता."

"उघडलास ना?"

"हो. चुकलं. पण काका, येत्या सोमवारी पिस्तूल जाणार."

काका बराच वेळ कांदा चिरत राहिले. तो भाजीला लागणाऱ्या कांद्याच्या चौपट झाला.

"पुण्यात माणसं दार ढकलून आत यायची," ते म्हणाले. "इथे कामाशिवाय कोण येतं रे? मूठ दिली की हात मिळवतात, आभार मानतात, आणि झालं." मग सुरी ठेवून म्हणाले, "डोळ्यांत पाणी कांद्याने आलंय. बघत उभा राहू नकोस. त्यांना फोन लाव."

फोनवर द विट म्हणाले, माझ्या हातांनी तो स्क्रू फिरणार नाही, तुम्हीच शनिवारी घरी येऊन बसवाल का?

सव्वीस वर्षं नोकरी आणि वर निवृत्ती, पण काकांना कुठल्याही डच माणसाने घरी बोलावलं नव्हतं. त्या शनिवारी त्यांनी तीन शर्ट बदलले. "टाय बांधू का रे? की फार होईल? लग्नाला चालल्यासारखं दिसेल?" शेवटी टाय बांधला, वर स्वेटर घातला, आणि टाय दिसत नाही म्हणून स्वेटर काढला. ऑक्टोबरच्या वाऱ्यात सायकलवर तो टाय सगळा वेळ त्यांच्या खांद्यावरून मागे उडत होता.

द विट यांनी टेबलावर फडक्यात पिस्तूल ठेवलं होतं. काका दोन पावलं मागे सरले.

"याचं तोंड तिकडे करा."

"रिकामं आहे, मेनेर मोघे."

"असू दे. तिकडे करा."

द विट यांनी ते भिंतीकडे वळवलं. तिथे त्यांच्या सासूबाईंचा फोटो होता, म्हणून पुन्हा खिडकीकडे वळवलं. मग काका पुढे झाले, श्वास रोखून त्यांनी डावी पट्टी ठेवली, उजवी ठेवली, आणि स्क्रू फिरवू लागले. मी बघत होतो. एक केसभर फट राहिली असती तर सात महिने बसवलेलं ते प्लॅस्टिक वाया गेलं असतं. फट राहिली नाही. द विट यांनी पिस्तूल उचललं. त्यांचा थरथरता हात त्या मुठीवर हळूहळू शांत झाला. "असंच होतं," ते म्हणाले. "मी लहान असताना असंच होतं."

मग कॉफी आली. इथे कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे करतात, तुम्ही एक घ्यायचं, की झाकण लावून डबा कपाटात जातो. त्यापुढे कॉफी संपवून उठायचं असतं. काकांनी एक घेतलं. द विट वडिलांबद्दल सांगत राहिले, काका साच्यांबद्दल. टाय केव्हातरी कॉफीत बुडाला, तो दोघांनी मिळून पिळला. आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते.

परत येताना काका सायकलवर बसलेच नाहीत, ती हातात धरून चालत राहिले. मला वाटलं, ते मुठीबद्दल काही बोलतील. कालव्यावरचा पूल ओलांडल्यावर ते थांबले.

"उत्तमराव, तू पाहिलंस का?"

"काय काका?"

"बिस्किटांचा डबा. शेवटपर्यंत त्यांनी झाकण लावलं नाही."