पाच खुर्च्या कमी

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सभेआधी खुर्च्या मांडायला कोणी फिरकत नसे. मांडलेल्या खुर्च्या उचलायला मात्र तेंडोलकर हमखास येत. मी सेक्रेटरी. मी घामाघूम होऊन चाळीस खुर्च्या लावायच्या आणि या गृहस्थांनी मागच्या दहा मिटून भिंतीला टेकवायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

"सेक्रेटरी, नोट करा," ते म्हणत, "येणार तीस, तर मांडायच्या पंचवीस. पाच माणसं उभी राहिली की हॉल भरला. रिकामी खुर्ची दिसली की कार्यक्रम पडला!"

तेंडोलकर अंधेरीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत जनसंपर्क अधिकारी होते. कंपनीने नवा रंग काढला की पत्रकारांना बोलवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आणायच्या, हे त्यांचं काम. मी एकदा तोंडावरच म्हटलं, "म्हणजे चहा पाजून बातमी!"

ते चिडले नाहीत. "चहा सगळेच पाजतात हो. कोणाला बिनसाखरेचा लागतो, ते ठाऊक पाहिजे."

ते ठाऊक असणं हेच त्यांचं वेड. एका जाड वहीत प्रत्येक पत्रकाराचं एक पान. पंख्याखाली बसवलं की कोणाला शिंका येतात, कोण चतुर्थीला वडा खात नाही, कोणाची मुलगी दहावीला आहे. मुलगी पास झाली की यांचे पेढे घरी हजर. त्यांच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. त्यामुळे दर रविवारी सकाळी अख्ख्या मुंबईतल्या वार्ताहरांची दुखणी मला घरबसल्या कळत. फोन ठेवला की म्हणत, "कामाचं नव्हतं हो, सहज." मला तो सगळा धंद्याचा भाग वाटे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरी बोलायला भिंती होत्या, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग ते निवृत्त झाले. पंधरा दिवसांत दारावर पाटी लागली, 'तेंडोलकर, जनसंपर्क सल्लागार'. उद्घाटनाचं चहापान शनिवारी पाच वाजता, आमच्याच हॉलमध्ये. तीस जणांना माझ्या फोनवरून आमंत्रणं गेली. प्रत्येकजण "येतो ना, म्हणजे काय!" म्हणाला.

"सगळे येणार," तेंडोलकर म्हणाले. "कंपनीची माणसं नव्हेत ती, सेक्रेटरी. माझी आहेत."

शनिवारी त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्च्या मांडल्या. अर्थात पंचवीस. मी नुसता किल्ली घेऊन गेलो होतो. हॉल उघडायचा आणि वर जायचं.

साडेपाच झाले. कोणी नाही. त्यांनी दहा खुर्च्या मिटल्या. "शनिवार आहे. सुटायला उशीर होतो लोकांना."

सहा वाजता आणखी सात मिटल्या. "आज मंत्रालयात काहीतरी असणार. ऐन वेळी बोलावतात हो." मी मान डोलावली. वर जायला पाय निघेना.

इतक्यात आमच्या गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, तेंडोलकरांना फोन आलाय!" या वयात ते जिने धावत चढले. परत आले ते सावकाश.

"कोण होतं?"

"आपटे, पेपरवाला. कंपनीत माझ्या जागी जो आलाय ना, त्याचा नंबर पाहिजे होता."

"आणि तुम्ही दिलात?"

"दिला की. म्हटलं, नवीन आहे तो, जरा सांभाळून घ्या."

"आणि इथे यायचं काय?"

"विसरला असेल हो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्याच्या. मी विचारलं, आता नीट दिसतं म्हणाला."

माझा असा संताप झाला! त्या आपट्याला पुन्हा फोन लावून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. तेंडोलकर मात्र शांतपणे खुर्च्या मिटत होते. दोन उरल्या. एकीवर त्यांनी मला बसवलं, थर्मासमधून चहा ओतून दिला. बिनसाखरेचा. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली होती ती गेल्याच महिन्यात, आणि मी सोसायटीत कोणाला सांगितलं नव्हतं. वहीत माझंही पान होतं तर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात चाहूल लागली. बायको होती. फोनवरचं बोलणं तिने ऐकलं असणार; ठेवणीतली साडी नेसून आली होती.

"उशीर झाला का हो मला?" तिने विचारलं.

मी खुर्ची आणायला उठलो, तर तेंडोलकरांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. "खुर्च्या दोनच. या वहिनी, बसा."

मग स्वतःचा कप घेऊन ते दाराजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि हॉलवरून एकदा नजर फिरवली.

"सेक्रेटरी, नोट करा," ते म्हणाले, "लोक उभे आहेत."