माइक एकच, तोही वरून लटकता

ज्या माणसाने पोटासाठी म्हणून आयुष्यात एकदा तरी पेचकस हातात धरला, त्याला समाजाविषयी मत असण्याचा अधिकार आपोआप मिळतो. डॉक्टरला तो नसतो, कारण तो रोग्यांत अडकलेला असतो. मास्तरला नसतो, कारण घरीच त्याचं कोणी ऐकत नाही. तंत्रज्ञाची गोष्ट वेगळी. त्याने यंत्र उघडून पाहिलेलं असतं, आणि ज्याने यंत्र उघडून पाहिलं त्याने समाजही उघडून पाहिला, असं मानण्याची आपल्याकडे रीत आहे. (यंत्र परत बंद करताना हातात दोन स्क्रू उरले, ही बाब मत देण्याच्या आड येत नाही.)

आरमोरीकडच्या एका गावातले लटारूभाऊ हे असेच अधिकारी गृहस्थ. वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर त्यांनी चाळीस हिवाळे साउंड सांभाळला. दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, घरोघर पाहुणे उतरतात आणि रात्रभर नाटक चालतं. नाटकात राजा कोण झाला होता हे लोक सकाळी विसरतात. पण आवाज फाटला, तर साउंडवाल्याच्या आईबापांची चौकशी भर मंडपात होते. लटारूभाऊंच्या आईबापांची चौकशी फारच थोड्या वेळा झाली. पुढे कंबर दुखायला लागली तशी त्यांनी सामानाची पेटी बंद केली आणि वारलूच्या पानठेल्यासमोरच्या बाकावर बसून मतं द्यायला सुरुवात केली.

मतं फुकट मिळत. चहा सांगितल्यास सविस्तर मिळत. उदाहरणार्थ: मोबाइलने आवाज सुधारला, बोलणं बिघडलं. कूलर आल्यापासून लोक अंगणात झोपत नाहीत, त्यामुळे शेजारच्या भांडणाचं मूळ कारण कळत नाही. फटफटी बटणावर सुरू होऊ लागली, किक मारणं गेलं, म्हणून हल्लीच्या जावयांच्या पायात जोर नाही. फोनमधली बाई वाट सांगू लागली तेव्हापासून चौकातल्या म्हाताऱ्यांना कोणी विचारत नाही, आणि देशाची दिशा चुकली ती तिथेच.

लोक ऐकत, मान हलवत आणि तंबाखूचा खर्रा घेऊन कामाला लागत. मतांचा खरा उपयोग हाच असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखादं मत कोणी अमलात आणतं.

तर यंदाच्या पोळ्याला वरच्या मोहल्ल्यातला हातपंप बंद पडला. या पंपाशी लटारूभाऊंच्या बायकोचा, म्हणजे आशाबाईंचा, निकटचा संबंध होता. पंप घरासमोर होता, आणि तो बंद झाल्यापासून आशाबाई तलावापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. पाण्याचा गुंड डोक्यावर, बादली हातात, आणि गुडघ्यात कळ. शिवाय मंडई तोंडावर आली होती. लेक मयुरी ब्रह्मपुरीला दिलेली. यंदा तिच्या सासरचे पहिल्यांदाच मंडईला येणार होते, तेही जीप भरून. मंडईत घराची परीक्षा दोनच गोष्टींवर होते: रस्सा आणि पाणी. रश्श्याची आशाबाईंना काळजी नव्हती.

"आयकता का जी," त्या म्हणाल्या, "तुमच्याजवळ पाना हाय, पकड हाय. एकदा पाहा ना थो बोरिंग."

"थे मिकॅनिकल हाय. मी आवाजाचा मानूस."

"बंद हाय त आवाज तरी कुठी येते त्याचा?"

"तेच सांगून राह्यलो मी. आवाज येत नाई, म्हंजे माह्या लाइनचं काम नाई."

आशाबाईंनी गुंड उचलला. विहिरीवर गर्दी व्हायच्या आत जायचं होतं.

पंपाचा विषय ग्रामसभेत आला. सगळे एकदम बोलले. दोघांचे फोन वाजले, तिसरा फोनवर बोलताबोलता सभेशीही बोलला. सरपंच सीताबाईंनी दोनदा टेबल वाजवलं आणि घसा बसल्यामुळे सभा संपवली. संध्याकाळी ठेल्यावर ही हकीकत निघाली तेव्हा लटारूभाऊ बशीतला चहा फुंकत होते. फुंकता फुंकता ते म्हणाले, "हरेकाच्या हातात माइक देल्ला, म्हनून कोनी कोनाचं आयकत नाई. आधी नाटकात कसं होतं? माइक एकच, थोही वरून लटकता. ज्याले बोलाचं हाय त्यानं त्याच्याखाली यावं. बाकीच्यायनं गप बसावं. समाजाले बी तसाच पायजे."

एवढं बोलून ते चहा प्याले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. दुर्दैवाने सरपंच सीताबाई पान घ्यायला तिथेच उभ्या होत्या.

ठराव झाला. 'यापुढे ग्रामसभेत एकच माइक राहील. तो वरून लटकता असेल. ज्यास बोलावयाचे असेल त्याने त्याखाली यावे. माइक कपाळापासून किती अंतरावर असावा, हा निर्णय तांत्रिक सल्लागार श्री. लटारूभाऊ यांचा अंतिम राहील.' तांत्रिक सल्लागारांनी सभागृहाच्या आडव्या पाइपाला माइक टांगला, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिला, आणि बोटभर खाली घेतला.

आता एक गोष्ट शांतपणे समजून घेतली पाहिजे. झाडीपट्टीतलं माणूस आईच्या मांडीवर असल्यापासून नाटक पाहतं. वरून टांगलेल्या माइकखाली उभं राहिल्यावर काय करायचं असतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. छाती आपोआप पुढे येते, नजर शेवटच्या रांगेवर जाते आणि तोंडातून घरची बोली जाऊन पुस्तकी मराठी सुरू होते.

पहिला वारलू गेला. त्याला फक्त 'बोरिंग सुधरवा' एवढंच म्हणायचं होतं. खर्रा थुंकून तो माइकखाली आला, वर पाहिलं, आणि म्हणाला:

"हे ग्रामदेवते! कुठे निघाल्या आहेत या माता? डोक्यावर रिकामा गुंड, पायाखाली तापलेली धरती! अरे, ज्या गावाच्या मातीने मला जन्म दिला, त्या गावाची माय आज तहानलेली आहे... तहानलेली आहे!"

दुसरं 'तहानलेली आहे' त्याने जवळजवळ कुजबुजत म्हटलं, आणि तिथेच सभा विरघळली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कोणीतरी 'वन्स मोअर' म्हटलं. वारलूने तो दिला. एकाने उभं राहून बक्षीस जाहीर केलं. इतिवृत्तात नोंद झाली: 'हातपंपाचा विषय अत्यंत प्रभावीपणे मांडण्यात आला. सभा समाधानाने विसर्जित.' पंप कसा सुधारायचा हा मुद्दा निघाला नाही, कारण वारलूनंतर बोलण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

एवढ्या यशानंतर ही पद्धत घरोघर गेली नसती तरच नवल. लटारूभाऊंच्या पेटीतले जुने माइक हातोहात संपले. उरलेल्यांनी मिळेल ते टांगलं: आमटीचा डाव, वाळका दोडका, एका घरी जावयाचा दाढीचा ब्रश. (माइकला वायर हवी की नको, असा प्रश्न एकाच घरात निघाला. त्या घराला नंतर खेद वाटला.) पहिल्या महिन्यात गावातल्या भांडणांत साठ टक्के घट झाली. ठेल्यापर्यंत ऐकू आलेली भांडणं, हे मोजमाप. उरलेली चाळीस टक्के मात्र तिप्पट लांबली, कारण प्रत्येकाला प्रवेश घ्यायचा असे. इतवारी म्हाताऱ्याला जेवताना आणखी भात लागला, तर तो ताटावरून उठून दोडक्याखाली जाई. "सूनबाई! पाहा या थाळीकडे! काल जिथे भाताचे डोंगर होते, तिथे आज उजाड माळरान आहे!" यावर सून चुलीकडून येऊन स्वतःच्या कष्टांवर बोले. दोघांचं बोलणं दर्जेदार होई. भात करपे.

लटारूभाऊ मोहल्ल्यातून फिरत आणि अंतरं दुरुस्त करत. "दोन बोटं मांगं हो. श्वास येऊन राह्यला तुहा." लोक मागे होत. चाळीस वर्षं अंधारात बसून दुसऱ्यांचे आवाज सांभाळलेल्या माणसाला गावाने पहिल्यांदाच उजेडात आणलं होतं. स्वतःच्या घरी बैठकीत त्यांनी सगळ्यांत चांगला माइक टांगला होता. आशाबाई त्याखालून रोज जात. गुंड लागू नये म्हणून थोडं वाकून.

मंडईला आठवडा उरला तेव्हा पुन्हा सभा भरली. आशाबाई उठल्या. लटारूभाऊंना मनातून बरं वाटलं. घरचं माणूस अखेर आपल्या माइकखाली येत होतं. आशाबाई आल्या, आणि वर न पाहता म्हणाल्या, "बोरिंग पोळ्यापासून बंद हाय. मंडईले माह्याकडं ब्रह्मपुरीचे पाव्हने येऊन राह्यले. पानी पायजे. कोनी सुधरवते का, हे इचाराले आली."

आणि त्या उत्तरासाठी थांबल्या.

सभेत चुळबुळ झाली. "झालं?" कोणीतरी विचारलं. "पाठांतर कच्चं दिसते," दुसरा म्हणाला. लटारूभाऊ मागच्या खुर्चीवरून मायेने म्हणाले, "थोडी वर पाहून बोल व. आवाज पडून राह्यला."

आशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या जागेवर जाऊन बसल्या.

विषय वाया जाऊ नये म्हणून सीताबाईंनी तोच विषय मांडायची वारलूला विनंती केली. वारलू या खेपेला तयारीने आला होता. त्याने कंबरेवर गुंड घेतला, पदर म्हणून दुपट्टा डोक्यावर घेतला, गुडघ्यात लंगडला आणि आशाबाई होऊन रडला. इतका रडला, की आशाबाईंच्या शेजारी बसलेल्या बाईने आशाबाईंचाच हात धरून म्हटलं, "बिचारीचे किती हाल हो!" एकमताने ठराव झाला, की हा प्रवेश मंडईच्या रात्री मुख्य नाटकाच्या आधी सादर व्हावा.

घरी येताना लटारूभाऊंचा पाय जमिनीला लागत नव्हता. "पाहिलंस? तुहा विषय मंडईत गेला! चार गावचे लोक पाह्यतीन."

"अन् पानी?"

"आधी विषय त पोचू दे."

"कुठी?"

लटारूभाऊंनी एलईडी बल्ब आणि हल्लीच्या लग्नांविषयी एक मत दिलं.

मंडईच्या सकाळी ते उठले तेव्हा घर शांत होतं. गुंड पालथे, बादली पालथी, चूल थंड. त्यांनी आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेलं मटण पिशवीत खुंटीला लटकत होतं. शेजारणीने कुंपणावरून सांगितलं, की आशाबाई पहिल्या जीपने गेल्या. तेवढ्यात मयुरीचा फोन आला.

"बाबा, आई इथी आली. आमी कोनी येत नाई आता. थे म्हनते, यंदा पाव्हनी मीच. माह्या सासूबाई तिचे गुडघे शेकून देऊन राह्यल्या."

"आत्ता? मंडईच्या दिवशी? दे फोन तिले."

"थांबा. नळावर हात धुऊन राह्यली."

लटारूभाऊ थांबले. फोनमधून नळाचा आवाज येत होता. सवयीने त्यांनी कान दिला. आवाज अगदी स्वच्छ होता: खरखर नाही, घरघर नाही, धार भरून सलग पडणारी. हात धुवायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती पडत राहिली. मग नळ बंद झाला, कोणीतरी हसलं, आणि फोन ठेवला गेला.

त्यांना तहान लागली होती. घरात थेंब नव्हता. ते बैठकीत आले आणि माइकखाली उभे राहिले. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की ये ना व परत. पण नजर आपोआप वर गेली.

"परत ये, आशा!" ते म्हणाले. "या ओसाड घरट्याची शपथ आहे तुला, परत ये!"

कुंपणापाशी मंडईला आलेले शेजाऱ्यांचे पाहुणे जमले होते. मग एकाने 'वन्स मोअर' म्हटलं.

लटारूभाऊंनी दिला. मग त्यांनी पेटीतून पाना काढला, हातात तोलला, दाराबाहेर पंपाकडे पाहिलं. पण तेवढ्यात मंडपातून निरोप आला, की वारलूच्या प्रवेशासाठी माइकची उंची पाहायची आहे. ते पाना घेऊनच तिकडे गेले. रात्री प्रवेशाला अपूर्व यश मिळालं. पाच गावांनी तो आपल्याकडे मागितला आहे. आशाबाई अजून ब्रह्मपुरीला आहेत. लटारूभाऊ रोज विहिरीवर जातात. अलीकडे त्यांची मतं थोडी आखूड झाली आहेत.

हे इथवर वाचताना ज्यांना आशाबाईंविषयी आतून कळवळा आला असेल, त्यांचे मनापासून आभार. ग्रामसभेलाही तो आला होता, दोनदा. फक्त एक किरकोळ बाब नोंदवून ठेवतो. पंप बंद आहे, पंप बंद आहे, असं एवढ्या वेळा सांगून झालं. पण त्याचं नेमकं काय बिघडलं आहे, हे त्या गावात अजून कोणी विचारलेलं नाही. आपणही नाही.