सुयुंचू आधी, मुलाखत नंतर

येत्या उन्हाळ्यात आपण आल्प्सच्या डोंगरात चीज करत असणार, हे बेगिमायने बिश्केकच्या वसतिगृहात ऑक्टोबरमध्येच जाहीर करून टाकलं होतं. अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी नियोजनाशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. तिच्याकडे एक वही होती. वहीत युरोपातल्या चाळीस डेअऱ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे अर्जाची तारीख, आठवण करून देण्याची तारीख आणि होकाराची तारीख! होकाराची तारीख अर्थातच तिने स्वतः घातली होती.

मार्चपर्यंत छत्तीस डेअऱ्यांनी उत्तरच दिलं नाही आणि तिघांनी फार गोड शब्दांत नाही म्हटलं. चाळिसाव्या डेअरीचं उत्तर आलं ते ती नोरुझ सणाच्या सुट्टीत कोचकोरला, घरी आलेली असताना. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या डेअरीच्या मालकीण वाल्बुर्गाबाई यांनी लिहिलं होतं की अर्ज आवडला, शुक्रवारी तुमच्याकडच्या दुपारी तीन वाजता व्हिडिओवर बोलू आणि मग काय ते ठरवू.

बेगिमाय धावत स्वयंपाकघरात गेली. "आई, ऑस्ट्रियाहून पत्र आलं. त्यांना मी आवडले!" पुढचं वाक्य 'पण'ने सुरू होणार होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बूट काढत असलेल्या सालीमा आत्याने ते बूट परत चढवले आणि ती गेली.

कोचकोरमध्ये आनंदाची बातमी फुकट मिळत नाही. जो ती पहिला आणतो, तो दारात उभा राहून 'सुयुंचू' म्हणतो, घरधनी आधी बक्षीस काढून ठेवतो आणि मग बातमी ऐकतो. सालीमा आत्याचा या कामात तालुक्यात कोणी हात धरत नसे. सुईणीने हात धुवायच्या आत तिने बाळाच्या जन्माची सुयुंचू वसूल केल्याची उदाहरणं होती. त्या संध्याकाळी सात घरं फिरून ती परतली तेव्हा तिच्याकडे दोन रुमाल, चहाचा पुडा आणि एक जिवंत कोंबडी होती. आणि एकदा बक्षीस दिलं की बातमी पक्की. आता ती खोटी ठरवायची, तर कोंबडी कोण परत करणार?

तरीही बेगिमायने खरं सांगितलं असतं. पण रात्री जेवायच्या आधी तिचे वडील एसेन घरी आले. शाळेची बस चालवणारा हा अबोल माणूस. कोणाच्याही घरी जेवायला गेला की दाराशी, बुटांच्या शेजारी बसायचा. मानाची जागा दारापासून सगळ्यांत लांब असते, आणि तिथपर्यंत पोचायला वय लागतं नाहीतर कर्तबगारी. एसेनकडे अजून दोन्ही जरा कमीच होतं.

"आज मला वर बसवलं," ते म्हणाले. "काच्किन आजोबांच्या शेजारी."

एवढंच बोलून त्यांनी चहा ओतून घेतला. मग हळूच सांगितलं की शुक्रवारी मेंढी कापायची आहे, वीस माणसं दुपारी दोनला येतील. बेगिमायने 'पण' गिळला. तो बराच मोठा होता.

घरात नेट फक्त मोठ्या खोलीतल्या खिडकीशी मिळायचं, आणि पाहुणेही मोठ्या खोलीतच बसणार होते. तासाभरात जेवणं उरकतील असा हिशोब तिने वहीत मांडला. वास्तविक दोनची जेवणं कोचकोरमध्ये तासाभरात उरकली असं कोणाच्या पणजोबांनीही पाहिलेलं नाही. शुक्रवारी तीन वाजले तेव्हा नुकतं कुठे मटण बाहेर आलं होतं आणि मानाप्रमाणे कोणाला कुठलं हाड द्यायचं यावर दोन म्हाताऱ्यांचं वाजलं होतं.

बेगिमाय खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर लालबुंद गालांच्या वाल्बुर्गाबाई उगवल्या. बेगिमायने कुजबुजत नमस्कार केला. मागून वीस जणांनी खणखणीत केला.

सगळ्यांत वडील काच्किन आजोबा. ते घसा साफ करून म्हणाले, "आमच्या पोरीला काम दिल्याबद्दल गाव बाईंचं आभारी आहे, असं सांग त्यांना."

आता मात्र बेगिमायचा धीर सुटला. "आजोबा," ती किर्गीझमध्ये म्हणाली, "बाईंनी काम दिलेलं नाही. आज परीक्षा आहे. आत्ता चालू आहे ती हीच."

सगळ्यांनी सालीमा आत्याकडे पाहिलं. आत्याने आपल्या ताटाकडे पाहिलं. एसेननी हातातली सुरी खाली ठेवली आणि कोणी काही म्हणायच्या आत ते दाराच्या दिशेने सरकायला लागले. ते पाहून बेगिमायला रडूच आलं.

"बस तिथेच," काच्किन आजोबा एसेनना म्हणाले. "पोर परीक्षेला बसलीय. नापास नाही झालेली."

मग वीसच्या वीस जण तिला पास करायला सरसावले. कोणी म्हणालं, ही कधी आजारी पडत नाही ते सांग. कोणी म्हणालं, हिचा मामा तलाठ्याच्या वरचा साहेब आहे ते सांग. वाल्बुर्गाबाई हे सगळं मोठ्या कुतूहलाने बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही गाईगुरांत वाढलात, असं अर्जात लिहिलंय. चक्का तयार झाला हे कशावरून ओळखता?"

बेगिमायने तापमान, आम्लता आणि मिनिटं घडाघडा सांगितली.

"हे माझ्याही पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या. "हाताला काय कळतं?"

हाताला काहीच कळत नव्हतं. तो हात आजवर फक्त वह्या भरत आला होता. तेवढ्यात आई वाळवलेल्या चक्क्याच्या गोळ्यांचं, म्हणजे कुरुतचं ताट घेऊन आली आणि ती बाई काय विचारतेय, म्हणाली. प्रश्न ऐकून तिला हसू आलं.

"यात काय आहे? टांगलेल्या पिशवीला बोट दाबायचं. खळगा तसाच राहिला तर झालं. भरून आला तर गप बसायचं."

बेगिमायने ते इंग्रजीत सांगितलं. वाल्बुर्गाबाईंनी पेन उचललं. पुढची चाळीस मिनिटं मुलाखत झाली ती आईची. मीठ कधी, ऊन किती, पाऊस आला तर काय, आंबट झालं तर काय. आई कुरुतचे गोळे कॅमेऱ्याला दाखवत होती आणि बेगिमाय दुभाषी म्हणून मध्ये बसली होती. कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी एसेन ताठ होत गेले.

शेवटी बाईंनी निकाल दिला. जागा बेगिमायची. मात्र जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत आईच्या हाताखाली काम शिकायचं, आणि मुलीचा हात बसला असं आईने सहीनिशी लिहून दिलं तरच यायचं.

"मिळालं," बेगिमाय म्हणाली. काच्किन आजोबांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला, वीस जणांनी रीतीप्रमाणे आपापल्या चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि पलीकडे वाल्बुर्गाबाईंनीही फिरवले.

पाहुणे गेल्यावर बेगिमाय बाह्या सरसावून आईशेजारी भांडी घासायला उभी राहिली. उद्यापासून तुझ्याकडे इंटर्नशिप, किती वाजता येऊ, असं तिने ऐटीत विचारलं.

"पहाटे साडेचारला, गोठ्यात," आई म्हणाली. "पण आधी अर्ज दे. जागा एकच आहे, आणि जाता जाता तिघींनी आपापल्या पोरींसाठी विचारून ठेवलंय."